इंजेक्टर बदलण्याआधी त्याचा आलेख मागा

महोदय,

ई-20 पेट्रोलमुळे (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) गाडीचे इंजेक्टर, म्हणजे इंजिनात इंधन फवारणारे नळ, गेले आणि मोठा भुर्दंड बसला, अशा तक्रारी वाचकांच्या पत्रांतून येत आहेत. इंधनाच्या वादात मला पडायचं नाही. मला एवढंच विचारायचं आहे की इंजेक्टर गेला हे ठरवलं कोणी आणि कशावरून?

मी चिपळूणला ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतो. जुलै 2021च्या पुरानंतर चिखलाने भरलेले कपलर (वायरींचे जोड) धुऊन धुऊन हात भरून आले, तेव्हा एक साधा ऑसिलोस्कोप घेतला. वायरीतले व्होल्ट क्षणाक्षणाला कसे बदलतात त्याचा आलेख हे यंत्र पडद्यावर काढतं. छोटा, हातात मावणारा स्कोप काही हजारांत मिळतो. कमाल म्हणजे लाखाचा स्कॅनर घेतलेल्या गॅरेजातही तो बहुधा नसतो. स्कॅनर सांगतो, ‘तीन नंबर सिलिंडर मिसफायर’, म्हणजे तिथे इंधन नीट पेटत नाही. त्यात दोष प्लगचा आहे, कॉइलचा, इंजेक्टरचा की वायरीचा, हे तो सांगत नाही. मग काय, ‘सेट बदलून टाकू’.

साध्या पेट्रोल गाडीच्या इंजेक्टरला एका वायरीतून, चावी चालू असताना, बॅटरीचे व्होल्ट मिळत राहतात. दुसऱ्या वायरीला ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हची जोडणी) देतो, तेवढ्या क्षणापुरता इंजेक्टर उघडतो. इंजिन गरम असताना आयडलिंगला हा क्षण साधारण 2 ते 4 मिलिसेकंदांचा. 800 आरपीएमला प्रत्येक इंजेक्टर सेकंदाला सहा-सात वेळा उघडतो, बाकी सगळा वेळ बंदच. मल्टिमीटर लावला तर तो सरासरी दाखवतो, म्हणजे जवळपास बॅटरीइतकेच व्होल्ट. टेस्ट लॅम्प लुकलुकतो, पल्स (उघडण्याचा इशारा) येतेय एवढं कळतं. पल्स कशी आहे, ते या दोघांनाही दिसत नाही.

स्कोपवर ती अख्खी दिसते. इंजिन चालू असताना 14 व्होल्टच्या आसपासची सरळ रेघ, अर्थ मिळताच धाडकन शून्याजवळ, मग तळाशी सपाट आणि अर्थ सुटला की वर उसळणारा टोकदार काटा, बहुतेक गाड्यांत 60-70 व्होल्टचा. काटा उतरताना मध्येच एक बारीकसा उंचवटा येतो. आतली सुई जागेवर बसली, त्याची ती खूण. काटा शेजारच्या इंजेक्टरपेक्षा बुटका असेल तर इंजेक्टरच्या आतल्या कॉइलमध्ये शॉर्ट असल्याचा संशय घ्यायचा. आणि तळ शून्याजवळ न जाता वरच तरंगत असेल, तर इंजेक्टरला हात लावायच्या आधी अर्थाच्या वायरीमागे लागायचं.

मागच्या पावसाळ्यात अशीच एक हॅचबॅक आली. कुंभार्ली घाट चढताना गरम झाली की झटके मारायची. दुसरीकडे चारही इंजेक्टर नवे बसवून झाले होते, बिल मालकाच्या खिशात होतं आणि झटके जसेच्या तसे. स्कोप लावला तर तीन इंजेक्टरांचा तळ शून्याला टेकलेला, दोन नंबरचा मात्र अडीच व्होल्टवर. करंट क्लॅम्प (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा चिमटा) लावला, तर बाकीच्यांचा करंट एक अँपिअरच्या जवळ पोचत होता, याचा त्याच्या बराच खाली. चढणाऱ्या रेघेत सुई उघडताना जी छोटी खाच पडते, तीही याची उशिरा पडत होती. म्हणजे इंजेक्टर उशिरा उघडतोय, पेट्रोल कमी पडतंय. वायर चाचपत गेलो, तर कपलरपासून वीतभर अंतरावर इन्सुलेशनला सुईएवढं भोक. कोणीतरी टेस्ट लॅम्पचं टोक वायरीत खुपसलं होतं. आमच्या कोकणातला पाऊस त्या भोकातून आत गेला आणि तांब्याची हिरवी पूड झाली. तेवढा तुकडा कापून नवी वायर सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली. इंजेक्टर शेवटपर्यंत चांगलेच होते, नवेही आणि बहुधा जुनेही.

म्हणून मेकॅनिक मित्रांना हात जोडून सांगणं की वायरीला भोकं पाडू नका. कपलरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवली की काम होतं. प्रोब (स्कोपची तपासणी वायर) 10एक्सवर ठेवा, म्हणजे व्होल्ट दहापट कमी होऊन आत जातील, नाहीतर तो काटा पूर्ण जोराने स्कोपच्या इनपुटवर बसेल. आणि कॉमन रेल डिझेल किंवा डायरेक्ट इंजेक्शनच्या (थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) पेट्रोल गाडीवर असा प्रयोग करू नका. तिथे इंजेक्टरला बॅटरीच्या कितीतरी पट व्होल्टेज जातं, पिझो (स्फटिकावर चालणाऱ्या) प्रकारात तर शंभरच्या वर. तिथे क्लॅम्पनेच बघावं.

स्कोपलाही सगळं कळत नाही. नोझलला कार्बन धरला असेल, फवारा तिरपा पडत असेल किंवा थेंब गळत असेल, तर आलेख बिनचूक येऊनही गाडी मिसिंग करेल. त्याला इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवरच लावावा लागतो. ई-20 वर पल्स किंचित लांबते हेही खरं. शुद्ध पेट्रोलला वजनाने 14.7 पट हवा लागते, ई-20 ला साधारण 13.5 पट, म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त सोडावं लागतं. ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून ईसीएम ते आपणहून करतो. ई-10 च्या मानाने 3 मिलिसेकंदांवर एखाद्या दशांशाची वाढ दिसली म्हणून इंजेक्टरला दोष देणं बरोबर नाही.

आमच्या वेळी आयटीआयमध्ये ऑसिलोस्कोप इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या खोलीत असायचा आणि मोटार मेकॅनिकची पोरं तिकडे फिरकायचीही नाहीत. एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम आल्यावर बहुतेक मोटरसायकली, स्कूटरसुद्धा इंजेक्टरवर गेल्या. आता गल्लीतल्या टू-व्हीलर मेकॅनिकलाही ही रेघ वाचता आली पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणी दोन दिवसांचा वर्ग कोणी घेत असेल, तर माझा स्कोप घेऊन मी यायला तयार आहे.

तोवर गाडीमालकांनी एवढं करावं. ‘इंजेक्टर गेला’ असं ऐकलं की चारही सिलिंडरचे आलेख शेजारी शेजारी दाखवायला सांगावं. स्कोप नसेल तर संशयित इंजेक्टर शेजारच्या सिलिंडरला बसवून बघायला सांगावं. मिसफायर त्याच्यासोबत सरकला नाही, तर दोष दुसरीकडे आहे. आणि बदललाच, तर जुना मागून घ्यावा. बिलात चार लिहिले असतील तर चारही.

– एक ऑटो इलेक्ट्रिशियन, चिपळूण