सिग्नलवाल्या, यंदा हुरड्याला ये

सोलापूर

प्रिय सिग्नलवाल्या,

पत्र लिहायचं राहत गेलं आणि फोनवर आपण दोघंही 'बरं आहे ना' म्हणून ठेवून देतो. तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच, साखर आटोक्यात, हीसुद्धा मजेत. आता मुद्द्याचं लिहितो. ते तुझ्याखेरीज दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

गेल्या आठवड्यात आपल्या सोसायटीचं, म्हणजे रेल्वे इंजिनियरांच्या संस्थेचं, स्नेहसंमेलन झालं. होटगी रोडवरचा हॉल, फेटे, दीपप्रज्वलन, ज्येष्ठांचे सत्कार, मग एका पुरवठादार कंपनीचं पडद्यावर सादरीकरण. जेवण उत्तम होतं, खोटं कशाला बोलू. बायकामुलं खूश होती, आणि तेही हवंच. आठवतं ना, घरच्यांना बोलवायचं की नाही यावरून तू आणि मी किती भांडलो होतो? तू म्हणायचास, वहिनी आल्या की पोरं कामाचं बोलत नाहीत. मी म्हणायचो, घरच्यांना एकदा तरी कळू दे रात्री दोनला फोन आल्यावर माणूस कुठे जातो ते. मला अजूनही माझंच बरोबर वाटतं.

तर त्या कार्यक्रमात 'अनुभवकथन' म्हणून अर्धा तास ठेवला होता. एक नवी ज्युनियर इंजिनियर उठली. तीन-चार वर्षं झाली असतील नोकरीला. चुणचुणीत पोर, हातात कागद नव्हता. मे महिन्यातली गोष्ट सांगायला लागली. कर्व्हवर खडी चाळायचं काम होतं. सकाळी लवकर उरकायचं ते लांबलं, आणि शोल्डरची, म्हणजे रुळाच्या दोन्ही कडांची, खडी पुरती भरायच्या आधीच ऊन चढलं. रूळ तपासत फिरणारा की-मॅन तिला म्हणाला, मॅडम, लाईन इथं जरा बाहेर आल्यागत वाटतीय. ती गुडघ्यावर बसली, गाल जवळजवळ रेलला लावून एका डोळ्यानं बघितलं. आली होती बाहेर. थोडीच, पण नजरेला कळेल इतकी. तिनं लाल बावटा लावायला माणूस पळवला, दुसऱ्याला रुळावर ठेवायचे इशाऱ्याचे फटाके घेऊन पुढे धाडलं, आणि मालगाडी अलीकडे उभी राहिली.

हॉलमध्ये चिडीचूप. आमच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यांचे घास हातातच राहिले. ती पुढे म्हणाली, "काम लांबलं, कारण आदल्या दिवशी मला..." आणि थांबली. समोर एक जण मोबाईलवर शूटिंग करत होता. पोरीनं त्याच्याकडे बघितलं, मग व्यासपीठाकडे बघितलं, आणि म्हणाली, "असो. सगळ्यांच्या टीमवर्कमुळे धोका टळला." टाळ्या. निवेदकानं पुढचं नाव पुकारलं.

अरे, त्या 'कारण'च्या पुढचंच तर ऐकायचं होतं! लाल बावटा कसा लावायचा ते पुस्तकात आहे. काम का लांबलं, कुणी काय म्हटलं, हिला नाही म्हणता आलं नाही की म्हणूनही उपयोग झाला नाही, हे कुठल्याही पुस्तकात नाही आणि फाईलीत तर कधीच येणार नाही. नंतर हात धुताना मी तिला गाठलं. "सर, व्हिडिओ ग्रुपवर जाणार होता," एवढंच बोलली आणि निघून गेली. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

आता तुझी ती पावसाळ्यातली रात्र आठव. कोणती ते लिहीत नाही. ती तू सांगितलीस आपल्या हुरड्याच्या संमेलनात. आगटीभोवती आपण सगळे बसलो होतो. तू हुरडा चोळता चोळता एकदम बोलायला लागलास आणि सगळं सांगून मोकळा झालास. आपले वरिष्ठ, लाल डायरीवाले साहेब, शेजारीच होते. डायरी उघडली नाही त्यांनी. गुळाचा खडा तुझ्या हातावर ठेवला आणि 'मग पुढे?' एवढंच विचारलं. पुढच्या पावसाळ्याआधी तुमच्या खात्यातल्या प्रत्येक पोरानं आपापल्या जंक्शन बॉक्सची, सिग्नलच्या तारा जोडतात त्या पेट्यांची, झाकणं उघडून बघितली, कुणी सर्क्युलर न काढता. तू त्या हुरड्याला बोलला नसतास, तर त्यांना कुठून कळलं असतं?

आणि आप्पा मुकादम! सगळे इंजिनियर एलडब्ल्यूआरवर, म्हणजे सांधे न ठेवता जोडलेल्या लांब रुळांवर, वाद घालत बसले होते. एक किलोमीटर रेल एका अंशाला साडेअकरा मिलिमीटर वाढू बघते, जोडून टाकल्यावर वाढायला जागा नाही, मग तो जोर जातो कुठे. (तू दर वेळी 'मग सांधे ठेवा की लका' म्हणून मोकळा व्हायचास.) आप्पांनी कडब्यातलं एक ताट उचललं, जमिनीवर आडवं ठेवलं, दोन्ही बाजूंनी माती ओढून दाबली आणि दोघांना दोन टोकांनी रेटायला सांगितलं. ताट जागचं हललं नाही. मग एका जागची माती बोटानं बाजूला केली आणि म्हणाले, आता रेटा. तिथूनच ताट फटकन बाहेर आलं. "खडी उघडली की असं होतंय, सायेब." बस. शोल्डरची खडी कशासाठी असते हे मला आयुष्यभरासाठी त्या दिवशी कळलं. या पोरीच्या कर्व्हवर नेमकं तेच झालं होतं. पण आप्पांना यंदाच्या हॉलमध्ये जागाच नव्हती. का, तर ते सभासद नाहीत. ट्रॅकमन, मुकादम, की-मॅन, कुणीच सभासद नाहीत.

बघ, साहेब नेहमी सांगायचे, १८८४ मध्ये इंग्लंडात नॉटिंगहॅमला परमनंट वे इन्स्टिट्यूशन निघाली ती रुळांवर चालणाऱ्या माणसांसाठी, एका सेक्शनचं शहाणपण दुसऱ्या सेक्शनला कळावं म्हणून. तुमची सिग्नलवाल्यांची संस्था १९१२ ची, म्हणजे थोरले आम्हीच. आणि हो, पाऊस पडला की ट्रॅक सर्किट, म्हणजे गाडी आली हे ओळखणारं रुळातलं वीजमंडल, फेल होतं ते आमच्या खडीमुळे, हे मी मान्य करणार नाही ते नाहीच. रुळातली वीज अडवणाऱ्या ग्लूड जॉइंटच्या टोकाला लोखंड चेपून पुढे आलं तर घासायला आमचाच माणूस येतो, एवढं कबूल.

कुर्डुवाडीची ती सहलही डोळ्यांपुढून जात नाही. बार्शी लाईट अजून नॅरोगेज होती, ७६२ मिलिमीटरचा रूळ, डबा डुलतोय आणि साहेब दांड्याला धरून उभ्यानं ही लाईन बांधणारा इंग्रज इंजिनियर कॅलथ्रॉप समजावतायत. १८९७ मध्ये बार्शी रोडहून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, बार्शीपर्यंत गाडी सुरू केली त्या माणसानं, आणि इंजिनापासून वाघिणीपर्यंत प्रत्येक आसावर भार ठेवला फक्त पाच टन. हलका रूळ टिकवायचा तर वजन वाटून द्या. बायकापोरं खिडकीतून ज्वारी बघत होती आणि आपण खिडकीतून स्लीपर मोजत होतो. तुझा धाकटा इंजिनाच्या धुरानं रडला होता. तो आता कुठे आहे? बंगळूरला होता ना? वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन झालं का? हे सगळं सविस्तर कळव, मी घाईत विचारतोय.

आता माझी खरी अडचण. पुढच्या संमेलनाची जबाबदारी कमिटीनं माझ्यावर टाकली आहे. मी म्हटलं, हॉल नको, हुरडा करू. गूळभेंडीचा हुरडा, शेंगाचटणी, कडक भाकरी, बोरं, ताक. माईक नाही, बॅनर नाही, शूटिंग नाही, कंपनीचे पैसे नाहीत. वर्गणी काढू. आणि ट्रॅकमन-मुकादमांना कुटुंबासकट बोलावणं. खजिनदार म्हणाले, प्रायोजक तयार असताना वर्गणी कशाला? एक जण म्हणाला, फोटो नसतील तर कार्यक्रम झाला हे कळणार कसं? वाईट माणसं नाहीत रे ही. हिशेब चोख ठेवतात, धावपळ करतात. पण कार्यक्रम कशासाठी करायचा, याचा त्यांना विसर पडला आहे.

हिचं म्हणणं, एवढं मनाला लावून घेण्यापेक्षा चार मित्रांना घेऊन बाहेरच्या बाहेर हुरडा करा. तूही हेच म्हणशील, म्हणून आधीच सांगतो: नाही. चार म्हाताऱ्यांनी शेतात बसून आठवणी काढल्या तर त्या पोरीला काय मिळणार? ती येणारही नाही. सोसायटीनं बोलावलं, वरिष्ठ शेजारी मांडी घालून बसले आणि तरी कुणी डायरी काढली नाही, हे तिला दिसलं पाहिजे. ते सोसायटीच्या आतच व्हायला हवं.

आणि इथेच तुझा-माझा जुना तंटा येतो. प्रायोजकांच्या पहिल्या बॅनरवरून तू राजीनामा टाकून गेलास. तुझं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, पण तू निघून गेलास ते मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. तू राहिला असतास तर आज कमिटीत माझ्या बाजूनं एक हात वर झाला असता. रागावू नकोस. रागावलास तरी चालेल, पण ये.

आगटी पेटली की पहिलं कुणीतरी बोलावं लागतं. मी बोललो तर सगळे म्हणतील, ह्याचं नेहमीचंच. तू ती पावसाळ्याची रात्र पुन्हा सांग, जशीच्या तशी, 'कारण'सकट. तू बोललास की ती पोर बोलेल, याची मला खात्री आहे. आप्पांना मी घरी जाऊन आणणार आहे. ऐकू कमी येतं त्यांना, तू त्यांच्या उजव्या बाजूला बस.

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरली की लगेचचा रविवार धरलाय. मोहोळच्या बाजूला एका ट्रॅकमनच्या भावाचं शेत आहे, त्यानं एक कोपरा हुरड्यासाठी राखायचं कबूल केलंय. मिरजेहून कुर्डुवाडीपर्यंत ये, तिथून पुढे मी गाडी घेऊन येतो. वहिनींनाही आण, दोघी मिळून आपल्या तक्रारी करतील. शेतवाल्याला माणसांचा आकडा सांगायचाय, तेव्हा पत्र मिळाल्याबरोबर फोन कर. आणि कमिटीच्या बैठकीआधी तुझा सभासदत्वाचा अर्ज सही करून पाठव. कोरा फॉर्म सोबत जोडला आहे.

तुझा,
रुळांवरचा मित्र