कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या लेथवाल्या मामांना

मामा, नमस्कार.

मोबाइल तुम्ही फक्त बोलण्यापुरता वापरता, आणि लेथ चालू असला तर तोही उचलत नाही. त्यामुळे हे पत्र तुमच्या पुतण्यानं वाचून दाखवावं एवढीच विनंती. नाव मुद्दाम घातलेलं नाही. घातलं असतं तर आधी तुम्हीच माझ्यावर ओरडला असता.

गेल्या रविवारी गाडी घेऊन आंबा घाट उतरलो, रत्नागिरीत जेवलो आणि संध्याकाळी परत वर चढलो. घरी आल्यावर खांद्याला बाम लावायचा राहून गेला, हे रात्री झोपताना लक्षात आलं. तेव्हाच ठरवलं, मामांना लिहायचं.

आमची पद्मिनी 1974 ची. म्हणजे फियाट, प्रेसिडेंट वगैरे नावं मागे पडून ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव लागलं, त्याच वर्षाची. जुन्या स्टिअरिंगला उन्हानं इतक्या चिरा गेल्या होत्या की हाताला काळं लागायचं. बदलायचं ठरवलं आणि इथेच माझी अक्कल गेली. मला तेरा इंची, छोटं, लाकडी कडेचं, तीन चकचकीत दांड्यांचं ‘रेसिंग’ स्टिअरिंग हवं होतं. फोटोत पाहिलं होतं ना.

आधी कुठे कुठे गेलो ते तुम्हाला कधी सांगितलं नाही, लाज वाटत होती. एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानात एसी होता, कॉफी होती. ‘सर, सगळ्या गाड्यांना बसतं’ म्हणून त्यांनी युनिव्हर्सल बॉस गळ्यात मारला. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बॉस म्हणजे गाडीचा दांडा आणि नवं स्टिअरिंग यांच्यामधला तुकडा. एका बाजूनं दांड्याच्या दात्यांत बसतो, दुसऱ्या बाजूला सहा बोल्ट.) आता हे सहा बोल्टही सगळ्यांचे सारखे नसतात. मोमो आणि नार्डी या स्टिअरिंग बनवणाऱ्या दोन कंपन्या. मोमोच्या पद्धतीची भोकं 70 मिलिमीटरच्या वर्तुळावर, नार्डीच्या पद्धतीची 74 च्या. फरक चारच मिलिमीटरचा. माझं स्टिअरिंग एका पद्धतीचं, बॉस दुसऱ्या. दुकानातल्या पोरानं काय करावं? कानस घेतली आणि भोकं लांबट केली. जुनं स्टिअरिंग काढताना तर पुलर, म्हणजे ते ओढून काढायचं अवजार, न लावता दांड्यावर हातोडाच घातला. बिल मात्र छापील होतं, जीएसटीसकट.

त्यानंतर तीन महिने मी ती गाडी चालवली. हॉर्न वाजत नव्हता. गिअर टाकताना बोटांची सालं निघत होती. स्टिअरिंग हातात कटकट वाजायचं आणि मी स्वतःची समजूत घालायचो की जुन्या गाड्या अशाच असतात. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याला दाखवली तर तो हसला. ‘डबा आहे साहेब, विकून टाका.’ तिसऱ्या एका जाणकारांनी व्हॉट्सॲपवर फोटो मागवले आणि फोटोंवरूनच आकडा सांगितला. गाडीला हात एकानंही लावला नाही, मामा.

तुम्ही लावला. आणि पहिला प्रश्न विचारलात तो गाडीबद्दल नव्हताच. ‘पावणं, खांदा धरून का उतरलासा?’

मी म्हटलं, सहा महिने झाले, आखडलाय. तुम्ही मान हलवलीत, मला परत सीटवर बसवलंत आणि जागच्या जागी, गाडी उभी असताना, स्टिअरिंग पूर्ण फिरवायला लावलंत. माझं तोंड वेडंवाकडं झालेलं बघितलंत. मग म्हणालात, ‘सोळाचं तेरा केल्यावर सव्वापट जोर लागणारच की. पॉवर स्टिअरिंग हाय व्हय हिला?’

सोळाला तेरानं भागायचं. शाळेतलं गणित. मी इंजिनिअर आहे, हे तेव्हा तुम्हाला सांगितलं नाही ते बरं झालं.

पुढे तुम्ही जे केलंत त्यासाठी हे सगळं लिहितोय. कोपऱ्यातला फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा ओढलात, कंपास लावलात आणि तीन कडी कापलीत: तेराचं, चौदाचं, पंधराचं. दुकानातलं स्टिअरिंग उतरवून एकेक कडं तुम्ही स्वतः दांड्यापुढे हातात धरून उभे राहिलात. दारातून वाकून, एका हातानं छताला आधार घेऊन. तुमचं वय साठीच्या पुढचं, बाहेर दोन गिऱ्हाइकं शाफ्ट घेऊन ताटकळलेली. आणि तुम्ही मला म्हणताय, ‘तिसरा टाका. आता दुसरा. गुडघा वर घ्या. मीटर दिसतोय का सांगा, खोटं बोलू नका.’

आपली पद्मिनी हँडलगिअरची, म्हणजे गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूलाच. स्टिअरिंग लहान झालं की कड आणि गिअरचा दांडा यांच्यातलं अंतर बदलतं, स्टिअरिंग अंगाकडे ओढून बसवलं तरी बदलतं, हे मला त्या पुठ्ठ्यानं शिकवलं. कानावरची पेन्सिल काढून तुम्ही प्रत्येक कड्यावर लिहीत गेलात. तेरावर: ‘मीटर झाकतो’. चौदावर: ‘बोटं लागत्यात’. पंधरावर नुसतं ‘हे’.

पाऊण तास गेला असेल. त्याचे पैसे तुम्ही लावले नाहीत. लावले असते तरी कुठल्या नावाखाली लावणार होता, पुठ्ठा?

बाकीचं काम तुमच्यासाठी नेहमीचंच असावं. दांड्याचे चेपलेले आटे सरळ झाले. मूळ स्टिअरिंगला तुम्ही करवत लावू दिली नाहीत, ‘असली वस्तू हाय, कपड्यात गुंडाळून ठेवा’ म्हणालात. नव्या बॉससाठी दात्यांचा तुकडा हवा म्हणून पुतण्याकडून भंगारातल्या एका टॅक्सीचं स्टिअरिंग मागवलंत. ते कुर्ल्याहून आलं. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरात बंद झाली, तेव्हा पेपरात फोटो बघून हळहळलो होतो. तिच्यासारख्याच कुठल्यातरी टॅक्सीचा तुकडा आज माझ्या हाताखाली फिरतोय. वालचंद हिराचंद सोलापूरचे, कारखाना त्यांनी काढला कुर्ल्यात. गाडी तिथेच जन्मली, भंगारात तिथेच गेली आणि तिचा एक दातेरी तुकडा कोल्हापूरला नांदायला आला. मला उगाच भारी वाटतं याचं.

लोक विचारतात, लाकडी कड कुठली, पॉलिश कसलं. मी सांगतो, ते सगळं नंतर बघा, आधी पुठ्ठा कापा. त्यांना वाटतं मी चेष्टा करतोय. कॉफी पाजणाऱ्या दुकानात गेलेला माणूस पुठ्ठ्यावर कसा विश्वास ठेवेल? मीही ठेवला नसता. चांगलं काम करणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत हो, पण त्यांच्या दारावर पाटीसुद्धा नसते. तुमच्या दारावर होती, तिच्यावर गेल्या निवडणुकीचं पोस्टर चिकटवलेलं आहे. ते काढा तेवढं.

हॉर्न आता असा वाजतो की गल्लीतली कुत्री उठतात. निघताना तुम्ही तो दुकानातला कानस मारलेला बॉस माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, ‘हे दुसऱ्या कुणाला विकू नका.’ विकला नाही मामा. टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलाय.

आणि पंधराचं कडं डिकीत आहे, स्टेपनीच्या मागे. परवा बायकोनं रद्दीसोबत बाहेर काढून ठेवलं होतं. म्हटलं, त्याला हात लावू नकोस. तिनं उलटसुलट करून पाहिलं, ‘हे’ वाचलं आणि विचारलं, ‘हे म्हणजे काय?’

तुमचा,
पद्मिनीवाला