आई-बाबा, जूनमध्ये अन्स्टला जायचे आहे

लरविक, शेटलंड बेटे, स्कॉटलंड

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

इथल्या नोकरीचा करार मी दोन वर्षांनी वाढवला हे फोनवर सांगितले, तेव्हा बाबा नुसते ‘बरं’ म्हणाले आणि आईने गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला. तो विषय मी पुन्हा काढत नाही. परंतु आईच्या मोतीबिंदूच्या वेळी मला येता आले नाही, आता दिवाळीही हुकणार, म्हणून जूनची तुमची तिकिटे तुम्हाला न विचारताच काढून टाकली आहेत. ॲबर्डीनहून इकडे रात्रभराची बोट येते, पण आईला ती सोसणार नाही, तेव्हा तोही टप्पा विमानानेच ठेवला आहे.

त्यातला एक पूर्ण दिवस अन्स्ट बेटासाठी आहे. ब्रिटनमधले हे सर्वांत उत्तरेचे वस्तीचे बेट, हे बाबांना सांगायला नकोच. सकाळी लरविकहून बसने टॉफ्टच्या धक्क्यावर, तिथून वीसेक मिनिटांच्या फेरीबोटीने येल बेटावर, पुन्हा बसने येल ओलांडून गचरला, आणि शेवटी जेमतेम दहा मिनिटांची दुसरी फेरीबोट. आई, रेवसच्या लाँचची आठवण काढू नकोस. ही बोट आपल्या दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीच्याच जातीची, मोटारी पोटात घेऊन जाणारी आहे, आणि बसायला वाऱ्यापासून आडोसा असलेली बंद, उबदार जागाही आहे. समुद्र खवळलेला असला तर आपण निघणारच नाही, दुसरा दिवस धरू. दशम्या आणि थर्मासभर चहा मी बरोबर घेईन.

बाबा, अन्स्टच्या उत्तरेला मकल फ्लग्गा या खडकावरचे १८५८ सालचे दीपगृह तुम्हाला पाहायचे असणार, पण ते जिथून नीट दिसते त्या हर्मनेसच्या टोकापर्यंत चांगली काही तासांची चढउताराची चाल आहे आणि तुमचा गुडघा अजून कुरकुरतो. त्याऐवजी दुसऱ्या एखाद्या दिवशी शेटलंडच्या दक्षिण टोकाला, सम्बरा हेडला, पफिन पक्षी दाखवीन. तिथे ते कठड्याच्या अगदी पलीकडे बसलेले असतात.

खरे सांगायचे तर अन्स्टचा घाट मी आईसाठी घातला आहे. हॅरल्ड्सविकच्या संग्रहालयात तिथल्या बायकांनी विणलेल्या लेसच्या शाली आहेत, इतक्या तलम की सहा फुटी चौकोनी शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार ओढता येत असे. त्यासाठी मेंढीच्या मानेजवळची मऊ लोकर कातरत नसत, हाताने अलगद उपटून घेत आणि घरीच कातत. कमरेच्या पट्ट्याला भोके पाडलेली चामडी गादी असे. तीत सुई खोचून, पाठीवर पीटची (जळणासाठी खणून वाळवलेल्या दलदलीतल्या मातीची) टोपली घेऊन त्या चालता चालता विणत. ती गादी पाहताना मला, आई, काखेत सुई धरून विणणारी तू आठवलीस, आणि माझ्या दोन हातांवर चढवलेली निळ्या लोकरीची लडही. हात जरा खाली गेले की सुईची टिचकी कपाळावर बसायची. डोळ्यांचे निमित्त करून तू विणणे सोडलेस, पण आता डोळा स्वच्छ झाला आहे, तेव्हा ते टाके कसे घातले असतील ते तू मला सांगायचे आहेस.

परतीच्या वाटेवर बाल्टासाउंडचा प्रसिद्ध बसथांबा लागेल. गावकऱ्यांनी त्यात सोफा आणि पडदे मांडले आहेत, त्यामुळे बाबांना बसची वाट पाहायला प्रथमच कंटाळा येणार नाही.

आता सूचना. जूनमध्येही इथे दिवसाचा पारा साधारण १२-१३ च्या आसपासच असतो, म्हणून दोघांनीही कानटोप्या आणायच्या आणि त्यावर हसायचे नाही. छत्री आणू नका, इथल्या वाऱ्यात ती उलटीपालटी होते. रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवायच्या, बॅगेत नाही. सूर्य साडेदहाच्या सुमारास मावळतो आणि पुढेही नीट अंधार पडत नाही, तेव्हा आई, दिवेलागणीची वेळ घड्याळावर ठरव आणि वेळेवर झोप. आंबे आणायचे नाहीत, कोकमे चालतील. आणि बाबा, व्हिसाच्या कागदांसाठी पासपोर्टची प्रत या आठवड्यात दादाकडे द्या, ‘बघू’ म्हणू नका.

तुमची,
छकुली