आरे-वारे नीट दाखवणाऱ्या रिक्षावाल्या काकांना जाहीर आभार

काका,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आमच्याकडे राहणाऱ्या जर्मन विद्यार्थिनीला तुम्ही रत्नागिरीहून गणपतीपुळ्याच्या वाटेवरच्या आरे-वारे या जोडकिनाऱ्याचा समुद्र दाखवलात, त्याचे हे आभार. जाहीर अशासाठी, की चैत्रात रत्नागिरीत कुणी पाहुणा आला की जो तो त्याला सूर्यास्तालाच तिकडे पिटाळतो. संध्याकाळी नेलं असतं तरी तुम्हाला भाडं तेवढंच मिळालं असतं. पण तुम्ही म्हणालात, "शुद्ध तृतीयेला सकाळी सातला निघू." निम्मं काम तिथेच झालं.

आपल्या किनाऱ्याचं तोंड पश्चिमेला. सकाळी आठच्या सुमारास ऊन पाठीमागून येतं आणि पाण्याचा खरा रंग दिसतो. दुपारनंतर सूर्य समोर येतो, मग पाणी नुसतं चकाकतं आणि फोटोतला माणूस काळाठिक्कर. उन्हं चढल्यावर खारा वारा सुटतो, क्षितिज धुरकटतं, ते वेगळंच.

आणि तृतीयाच का, तेही तुम्ही तिला बोटांवर मोजून दाखवलंत. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. येईल त्या वाजता पूर्ण भरती, थोडं इकडेतिकडे. तृतीयेला सव्वादोन. त्याच्या सहा तास आधी, म्हणजे आठच्या आसपास, पूर्ण ओहोटी. तेव्हा वरच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, दोन्ही पुळणी (वाळूचे किनारे) पार सुरुच्या बनापासून ओल्या वाळूपर्यंत उघड्या दिसतात, मधल्या डोंगराच्या पायथ्याचे खडकही. अष्टमीला हाच हिशेब सकाळी सहाची भरती देतो. पाणी उतरेपर्यंत बारा वाजतात, आणि चैत्रात बाराला त्या सड्यावर कोण उभं राहणार? भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. मोबाईलवर तक्ते मिळतात, पण कालनिर्णय प्रत्येक भिंतीवर असतं.

रस्ताही तुम्ही बरोबर धरलात. साखरतर, काळबादेवीवरून गेलं की समुद्र डाव्या हाताला राहतो, उतरल्यावर रस्ता ओलांडावा लागत नाही. महामार्गावरून येणाऱ्याला नकाशा निवळी फाट्याला वळवून थेट गणपतीपुळ्याला नेतो, आणि आरे-वारे राहूनच जातं. रिक्षा वळणावर न लावता पुढे नेऊन लावलीत, हेही बरं केलंत. त्या वळणावर गाडी अर्धवट उभी करून सेल्फी काढणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.

कड्याशी जांभ्याची बारीक खडी आणि त्यावर वाळलेलं गवत असतं. गुळगुळीत तळव्याची चप्पल तिथे हमखास सरकते. तुम्ही तिला बूट घालायला लावलेत आणि कडेपासून चार पावलं मागे ठेवलंत. खाली उतरल्यावर घोट्याच्या वर पाण्यात जाऊ दिलं नाहीत, याचे आभार सगळ्यात जास्त. ओहोटी म्हणजे पाणी शांत, असा बाहेरच्यांचा समज असतो. उतरतं पाणी आत ओढतं, वाळूतले खड्डे वरून दिसत नाहीत, आणि पोहता येणाराही तिथे फसतो.

एक काजूचं राहिलंच. वाटेतलं बोंड तिला खायला दिलंत, पण खालची ओली बी आधी पिळून काढून घेतलीत. ती दातांनी फोडली असती तर सालीतल्या तेलाने ओठ भाजले असते. परदेशातल्या पोरांना काजू म्हणजे पाकिटातला, त्यांना हे कुठून ठाऊक असणार! यापुढे येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हे आधीच सांगणार आहोत. बी हाताळायचीच असेल तर खोबरेल तेल लावून.

थांबल्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. ते घरी आलात की घ्यावेच लागतील. याच पक्षानंतर आणखी दोन विद्यार्थी येताहेत. वद्य तृतीया धरूया का? चतुर्थीची ओहोटीही चालली असती, पण संकष्टी असल्याने गणपतीपुळ्याच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागेल. जमेल की नाही तेवढं कळवा.

आपले,
पाहुण्या विद्यार्थ्यांची यजमान मंडळी, रत्नागिरी