ब्लिट्झचं धाडस नक्की कुणाविरुद्ध?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत 'ब्लिट्झ' साप्ताहिकावरचा लेख वाचला, मजा आली, पण नानावटी प्रकरण लेखकाने ब्लिट्झचे संपादक रुसी करंजिया यांच्या धाडसात मोजलंय ते काही पटलं नाही बुवा.

1 फेब्रुवारी 1941 ला मुंबईत सुरू झालेला हा पेपर सनसनाटीवरच वाढला हे मान्य, मागच्या पानावर बाईचा फोटो आणि तिथेच लेखक-दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बासांचा कॉलम, असली भेळ दुसरीकडे मिळत नव्हती. पण 1959 मध्ये काय झालं बघा. नौदलाचा कमांडर नानावटी, बायकोच्या प्रियकराला म्हणजे प्रेम आहुजाला त्याच्या फ्लॅटवर जाऊन गोळ्या घालतो आणि ब्लिट्झ आठवड्यामागून आठवडे त्याला देशभक्त, सभ्य, फसवला गेलेला नवरा म्हणून रंगवतो. 25 पैशांचा अंक 2 रुपयांना विकला जायचा म्हणे, रस्त्यावर आहुजा टॉवेल आणि नानावटी रिव्हॉल्वर (खेळण्यातलं) विकायला आलं. ज्युरीने 8 विरुद्ध 1 ने निर्दोष सोडला, जज्जना तो निकाल इतका चुकीचा वाटला की केस हायकोर्टात पाठवली, तिथे जन्मठेप झाली. मग ब्लिट्झने माफीसाठी मोहीम चालवली आणि राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी 1964 मध्ये माफी दिलीसुद्धा. मेलेल्या आहुजाची बाजू मांडायला त्याची बहीण सोडली तर फारसं कोण होतं? (आणि हो, हा देशातला शेवटचा ज्युरी खटला असं सगळे लिहितात, तसं नाहीये, ज्युरी त्यानंतरही काही वर्षं चालू होती.)

नानावटीची तेव्हाचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी जुनी ओळख, नेहरूंच्या घरापर्यंत पोच. आता 1961 चं हक्कभंग प्रकरण घ्या, मथळ्यात आचार्य कृपलानींच्या नावाची मोडतोड करून त्यांना वेडं ठरवलं म्हणून करंजियांना लोकसभेत बोलावून समज दिली गेली. ऐकायला कसलं बंडखोर वाटतं, पण कृपलानी विरोधी बाकावरचे आणि त्यांनी टीका केली होती संरक्षणमंत्री मेननवर! म्हणजे इथेही पेपर कुणाच्या बाजूने उभा होता ते दिसतंच आहे.

करंजिया भित्रे होते असं मी म्हणत नाहीये, पुष्कळ भानगडी त्यांनी बाहेर काढल्या असतील. फक्त लेखाचा दुसरा भाग येणार असेल तर ब्लिट्झने कुणाला झोडलं त्याच्यासोबत कुणाला सांभाळून घेतलं तेही येऊ द्या, आणि अब्बासांवर दोन ओळींपेक्षा जास्त लिहा प्लीज.

आपला,
एक जुना वाचक, दादर