दंडावरच्या नावाची भानगड

टोकियो, 12 ऑगस्ट

प्रिय बाळू,

पाच महिने तुझा फोन उचलला नाही, त्याबद्दल काय शिव्या घालायच्या त्या घाल आणि मग पुढं वाच. तब्येत बरी, साखर आहे तिथंच.

लेका, रोहनला कळलं.

परवा त्यानं कुसात्सूला नेलं. डोंगरातलं गाव, शिरताच गंधकाचा वास, मधोमध लाकडी पन्हळींतून वाफाळतं पाणी. उगमाशीच 50 अंशांच्या वर. गार पाणी घातलं तर गुण उतरतो म्हणून लांब फळ्यांनी घुसळून निववायची तिथली जुनी रीत. बंबाच्या पाण्यात दोन बादल्या गार ओतणाऱ्या तुला हे पटायचं नाही.

अंगावर चिंधी चालत नाही. आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणानं लख्ख व्हायचं, मगच हौदात. हातभर टॉवेल मिळतो, तोही बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर! पंचगंगेत चड्डी न काढणारा मी, पोरापुढं तसा उभा. त्यात गोंदण. तिकडं गुंडांच्या टोळ्या अंगभर गोंदतात, म्हणून पुष्कळ ठिकाणी गोंदलेल्याला आत घेत नाहीत. आमच्या मुक्कामी कातडीच्या रंगाची चिकटपट्टी दिली. पण ते पाणी लिंबाच्या रसासारखं आंबट, वर कढत. पट्टी सुटली ती तरंगत समोरच्या म्हाताऱ्याच्या हनुवटीला लागली. त्यानं दोन बोटांनी उचलून काठावर ठेवली आणि मलाच मान लववली.

अख्ख्या हौदात मराठी वाचणारा एकच, तो माझ्या शेजारी.

"बाबा, मंदाआत्या नक्की कशानं गेली? आई म्हणते विषमज्वर. मला तुम्ही विहीर सांगितली होती."

अंगावर कपडा नसला की थाप सुचत नाही रे. सांगून टाकलं. जोतिबाची जत्रा, 1981, एवढंच; तुझं नाव घेतलं नाही. लग्नात तू वहिनींचं नाव बदललंस ते फार बरं केलंस. खरं तर निम्मं पाप तुझं. 'मुंगी चावल्यागत लागतं' म्हणालास आणि तुझी पाळी आली तसा पसार झालास. पुढं तिला बघून आल्यावर मलाच विचारायला आलास, मी 'कर' म्हणालो. ते मी कधी काढत नाही.

रोहन हसून हसून डोक्यावरचा टॉवेल पाण्यात पाडून बसला. घोर आहे तो शैलाचा. लग्नाच्या आठव्या दिवशी थाप मारली, खोडायला आई नव्हती. तेव्हापासून दर सर्वपित्रीला ती 'मंदावन्सं' म्हणून वेगळं पान वाढते, खिरीची वाटी काठोकाठ भरून. रोहन म्हणतो, यंदाच्या अमावास्येआधी सांगा. सांगू? भांडेल ते सोसेन. पण 'इतकी वर्षं मी कुणाला जेवू घातलं?' असं विचारलं, तर काय सांगू? कोल्हापुरात आहे, गुडघेदुखी सोडून ठणठणीत आहे, असं?

तुझं ऑपरेशन झालं म्हणे, जिने चढू नकोस. धाकटीचं जमलं का, कळव.

28 ला उतरतोय. पत्र वाचून फाड, वहिनींच्या हाती लागू देऊ नकोस. आणि एक सांगायचं राहिलं. बाकीच्या पानांना कावळा तास तास ताटकळत ठेवतो, वहिनींच्या पानाला मात्र पहिल्या हाकेला शिवतो.

तुझा,
सुऱ्या