२०८ सेंटिमीटरचा पोरगा

टार्नीट, मेलबर्न
रविवार, ८ सप्टेंबर २०२४ (ऋषिपंचमी)

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल आरतीच्या गडबडीत फोनवर धड बोलणं झालं नाही. बाबा, तुम्ही विचारलंत, "पोरगं का रुसलंय?" मी म्हटलं, मॅच हरली. त्यावर तुम्ही, "कुठली मॅच? काल तर क्रिकेट नव्हतं." तेवढ्यात मागून कुणीतरी झांजा बडवायला लागलं आणि विषय राहिला. मोबाईलवर एवढं टाइप करायचा मला कंटाळा, आणि फोनवर बोलताना तुम्ही निम्मं लक्ष टीव्हीकडे ठेवता. म्हणून हे पत्र.

आई, आधी तुझं. हरतालिकेचा उपास मोडला नाही. मात्र शुक्रवारी रात्री एमसीजीवर बसून केळ्याबरोबर गरम बटाट्याच्या चिप्स खाल्ल्या. बटाटा उपासाला चालतो. तेल कसलं होतं ते विचारू नकोस, मीही विचारलं नाही. घरी यायला साडेबारा झाले, तरी पहाटे उठून एकवीस मोदक केले. पाच फुटले. ते फुटबॉलमुळे नव्हे, इथल्या तांदळाच्या पिठामुळे.

तर मॅच. एमसीजी तुम्हाला ठाऊक आहे. सचिनने १९९९ ला ११६ केले आणि कोहलीने २०२२ मध्ये पाकिस्तानला धुतलं, तेच मैदान. हिवाळ्यात त्याच गवतावर हे लोक त्यांचा 'ऑस्ट्रेलियन रूल्स' फुटबॉल खेळतात. खेळ निघालाच मुळी क्रिकेटवाल्यांना थंडीत धावतं ठेवायला. मेलबर्न क्लब १८५८ चा, पहिले लिखित नियम १८५९ चे. म्हणून मैदान क्रिकेटचंच, लंबगोल. एका बाजूला १८ माणसं. गोलकीपर नाही, ऑफसाइड नाही. हात चालतो, पण चेंडू फेकायचा नाही, एका तळव्यावर धरून दुसऱ्या मुठीने ठोसायचा. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोघांतून लाथेने गेला तर ६ गुण, बाजूच्या फटीतून गेला तर १. म्हणजे नेम चुकला तरी पदरात काहीतरी पडतं. बाबा, हे ऐकून तुम्ही नाक मुरडणार हे इथूनच दिसतंय मला.

आता खरी मजा. लाथेने मारलेला चेंडू १५ मीटर तरी उडाला आणि तुम्ही तो वरच्या वर झेलला, की खेळ तुमच्यासाठी थांबतो. त्याला 'मार्क' म्हणतात. मग समोर गोल असेल तर निवांत मागे जायचं, सॉक्स वर ओढायचे, श्वास घ्यायचा आणि मारायचं. त्यामुळे उंच फॉरवर्डला सोन्याचा भाव. आणि आमच्याकडे सध्या जो आहे तो २०८ सेंटिमीटर आहे. सहा फूट दहा इंच! सॅम डार्सी. वय एकवीस.

'आमच्याकडे' म्हणजे वेस्टर्न बुलडॉग्ज. हे मूळचं फूट्सक्रे, मेलबर्नच्या पश्चिमेचं, गोदी-कारखान्यातल्या कामगारांचं. आम्ही राहतो ती पश्चिमच. इथे कुठला संघ धरायचा हे तुम्ही कुठे राहता आणि तुमचा बाप कुणाचा होता यावर ठरतं. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. कोल्हापुरात शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडीलची फुटबॉल मॅच असली की आपल्या घरात दोन दिवस तुम्ही आणि मामा एका ताटाला बसायचे नाहीत, हे पाहूनच मी मोठी झाले.

आम्हाला या नादाला लावलं शेजारच्या आजोबांनी. वय ७६. पहिल्या वर्षी आमच्या दारात लिंबं ठेवून जायचे, दुसऱ्या वर्षी लाल-पांढरा-निळा मफलर ठेवला. १९५४ मध्ये फूट्सक्रेने या मोठ्या लीगचा अंतिम सामना पहिल्यांदा जिंकला, मेलबर्नला १०२-५१ असं हरवून, तेव्हा हे सहा वर्षांचे, वडिलांच्या खांद्यावर. जॅक कॉलिन्स नावाच्या फुल फॉरवर्डने, म्हणजे गोलसमोरच्या मुख्य गड्याने, त्या दिवशी सात गोल मारले. तेव्हापासून आजोबा प्रत्येक पोराला जॅक कॉलिन्सच्या मापाने मोजतात आणि प्रत्येक पोरगा कमी भरतो. पुढचं विजेतेपद थेट २०१६ ला. मधली ६२ वर्षं हा माणूस दर हिवाळ्यात जाऊन बसत होता. १९८९ ला क्लब बुडायला आला, फिट्झरॉय या दुसऱ्या क्लबमध्ये विलीन करून टाकायचं वरच्यांनी ठरवलं. तेव्हा लोकांनी रस्त्यावर डबे खुळखुळवून पैसे जमवले, कुणी कोर्टात गेलं आणि क्लब वाचला. आजोबांकडे तो पत्र्याचा डबा अजून आहे. त्यात आता स्क्रू ठेवतात.

इथे गुरुवार संध्याकाळ फार महत्त्वाची. आठवड्याची टीम तेव्हा जाहीर होते. त्याच्या तासभर आधी आजोबा कुंपणापाशी येऊन उभे राहतात, हातात पाण्याची नळी, पाणी मात्र बंद. मग चर्चा. यंदा सहा महिने एकच विषय होता: तीन उंच फॉरवर्ड एकत्र खेळवायचे का? ॲरन नॉटन, जमारा उगल-हेगन आणि हा डार्सी. आजोबांचं म्हणणं, दोन पुरे. तिघे एकाच चेंडूवर उड्या मारतात, चेंडू खाली पडतो, आणि खाली तो उचलायला आपलं कुणी नसतं. अशा पडलेल्या चेंडूला इथे चक्क 'चुरा' म्हणतात, आणि तो वेचायला बुटके, चपळ फॉरवर्ड लागतात. शिवाय चेंडू उलटला की हे ताडमाड लोक मागे पळणार केव्हा?

आमच्या ह्यांचं म्हणणं उलटं. एवढी उंची देवाने दिलीय तर ती बाकावर बसवायची? समोरच्या बचावात तिघांना पुरे पडतील इतके उंच गडी असतातच कुठे? शिवाय कोच ल्यूक बेव्हरिज हा अचाट माणूस. रोरी लॉब हा आयुष्यभर पुढे खेळलेला गडी. त्याला यंदा उचलून बचावात टाकला, आणि तो तिथे रुजला! आधी सगळ्यांनी शिव्या घातल्या. आजोबांनी सर्वांत जास्त. आता म्हणतात, "मी तेव्हाच म्हटलं होतं."

मी डार्सीच्या बाजूची. त्याचं कारण खेळात कमी आणि घराण्यात जास्त आहे, हे कबूल करते. त्याचे आजोबा डेव्हिड डार्सी साठच्या दशकात फूट्सक्रेकडून खेळले. वडील ल्यूक डार्सी याच क्लबकडून दोनशेहून जास्त सामने खेळले. इथे नवीन पोरं लिलावात नव्हे, ड्राफ्टमध्ये घेतात आणि तळाच्या संघाला पहिली निवड मिळते. पण बापाने क्लबकडून शंभर सामने खेळले असतील तर त्याच्या पोरावर त्या क्लबचा पहिला हक्क. २०२१ ला दुसऱ्या संघाने दुसऱ्याच क्रमांकावर त्याचं नाव पुकारलं, आमच्या क्लबने हक्क बजावून त्याला घरी आणला. मग पहिली दोन वर्षं दुखापती. जेमतेम खेळला. 'काचेचा आहे', 'हाडंच नुसती', काय काय ऐकलं मी त्याच्याबद्दल. आणि यंदा मात्र तो चेंडूखाली उभा राहून नुसते हात वर करतो आणि बाकीचे त्याच्या कोपराशी उड्या मारत राहतात.

तुम्हाला अनिकेत जाधव आठवतो ना? २०१७ ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात आपला कोल्हापूरचा पोरगा भारताकडून पुढे खेळणार म्हणून तुम्ही गल्लीतल्या प्रत्येकाला फोन केला होता. त्याच्या पायाला चेंडू लागला की तुम्ही खुर्चीतून अर्धे उठायचात. मला तेव्हा हसू यायचं. तुमचा ना तो नातेवाईक ना शेजारी. परवा एमसीजीवर डार्सीकडे चेंडू उंच गेला तेव्हा मी अर्धी उठलेली होते, मांडीवरच्या चिप्स खाली.

मॅचचं थोडक्यात सांगते, कारण लांबवण्यासारखं त्यात काही नाही. आम्ही सहावे, हॉथॉर्न सातवे, हरेल तो घरी. ९७ हजारांवर माणसं. खेळाडू मैदानात येतात तेव्हा समर्थकांनी स्वतः बनवलेला भला मोठा कागदी पडदा धरलेला असतो, तो फाडून ते पळत आत शिरतात. आठवडाभराची मेहनत दोन सेकंदात फाटते. नंतर त्यातला हातभर लाल तुकडा वाऱ्याने कुंपणापाशी फडफडत होता, एक पोरगी तो घडी करून खिशात ठेवत होती. त्यानंतरची आमची संध्याकाळ वाईट गेली. ९९-६२, ३७ गुणांनी हरलो. हॉथॉर्नकडे बुटक्यांची फौज. त्यातला निक वॉटसन हा पहिल्याच हंगामातला पोरगा १७० सेंटिमीटरचा, म्हणजे डार्सीपेक्षा ३८ सेंटिमीटरने, चांगला हातभर कमी. आजोबांना यापेक्षा मोठा पुरावा नको होता. पण ते एक अक्षर बोलले नाहीत. शेवटच्या क्वार्टरमध्ये लोक उठून जायला लागले, तेव्हा मी म्हटलं, निघायचं का, गर्दी होईल गाडीला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी आरती अर्धी टाकून उठायला सांगितलं होतं. भोंगा होईपर्यंत बसलो.

परत येताना स्टेशनच्या पायऱ्यांवर त्यांनी माझा दंड धरला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात मी. दर पाच-सहा पायऱ्यांवर थांबायचे, लोक दोन्ही बाजूंनी वाहून जायचे. एकदा थांबल्यावर म्हणाले, "पोरगा चांगला आहे. कंबर अजून भरायचीय. तीन वर्षं द्या." जॅक कॉलिन्सचं नाव घेतलं नाही. मला वाटतं, पहिल्यांदाच.

बाबा, आता जे लिहायला बसले होते ते. आई म्हणाली की तुम्ही या हंगामात शाहू स्टेडियमवर एकदाही गेला नाहीत. गुडघा म्हणे. मोबाईलवर बघतो म्हणालात, पण बघतही नाही म्हणे. लहानपणी तुम्ही सामन्याच्या दिवशी चार वाजताच गायब व्हायचात आणि मी चिडायचे. माझा भूगोलाचा नकाशा तसाच पडलेला असायचा, आणि तुम्ही रात्री घसा बसवून घरी. मला वाटायचं, बावीस माणसं धावतात ते बघायला इतकं काय. हे बोलून दाखवलंही होतं एकदा, जेवताना. तुम्ही काही बोलला नव्हतात, नुसतं दही मागितलं होतंत. ते वाक्य परत घेते.

रिक्षा दारातून मिळते. मामालाच सोबत घ्या, पाटाकडीलचा असला म्हणून काय झालं, आता भांडायलाही तुम्हाला तोच उरलाय. खालच्या पायरीवर बसा. काठी न्या, लाज कसली? इथे ९७ हजारांत एक माणूस काठी उंचावून पंचाला शिव्या घालत होता, मी शेजारीच बसले होते.

आई, मंगळवारी गौरी येतात, तेरड्याची मुळं इथे काही मिळाली नाहीत. खड्याच्याच आणते. शेपूची भाजी मात्र परसात उगवलीय. घावन-घाटल्याचं प्रमाण एकदा पुन्हा पाठव, मागच्या वर्षीचा कागद हरवला.

नातू आज जरा माणसात आलाय. सकाळपासून पुढच्या वर्षीची टीम बनवतोय, आरतीच्या कागदाच्या मागच्या बाजूला, इथे पेपरात छापतात तशी: तिघा-तिघांच्या सहा ओळी, खाली इंटरचेंज म्हणजे बदली खेळाडू, त्याखाली दुखापत यादी. तिन्ही उंच फॉरवर्ड घेतलेत, आजोबांचं ऐकलं नाही. स्वतःला चुरा वेचायला ठेवलंय, वर्गात सगळ्यांत बुटका तोच. आणि दुखापत यादीत, मी फोटो सोबत पाठवते आहे, तिसऱ्या ओळीत लिहिलंय: आबा, गुडघा, एक आठवडा. त्याला रविवारपर्यंत कळवा, खेळणार की नाही ते.

तुमची
लेक